बिनसेंदराचा आंबा

"जमीन आपकी ही रहेगी," असं तो गॅस कंपनीचा साहेब त्या बैठकीत उठता-बसता म्हणे. जमीन तुमचीच राहणार, आम्ही फक्त खालून गॅसची लाइन नेणार. वर तुम्ही धान पेरा, चना पेरा, काही पेरा. फक्त त्या पट्ट्यात असलेलं झाड ठेवायचं नाही, नवं लावायचं नाही, विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही. मी उठून विचारलं, मंग त्या जमिनीचं करायचं काय, चाटायची का? रागात माझं हिंदी अजूनच सुसाट सुटते. साहेब हसला अन् म्हणे, "मैडम गुस्से में हैं, पानी पिलाओ इनको." पंचायत भवनातले सारे हसले. पाण्याचा गिलास खरंच आला. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही, अन् यावं अशी माझी इच्छाही नाही.

त्या पट्ट्यात माझी माय होती.

नीट सांगते. माझे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर होते, तिथूनच रिटायर झाले. त्यांचा बाप विदर्भात दुसऱ्याच्या वावरात राबला, बापाचा बापही. आमच्या घराण्यात जमिनीचा पहिला तुकडा कोणी घेतला असन तं तो बाबानं, रसमड्याच्या पलीकडच्या एका गावात. तुकडाच तो, पण आमच्या नावाचा. घेतला त्या दिवशी माय चपला काढून बांधावर बसली, पाय पसरून, अन् म्हणे, "आता मले कोणी ऊठ म्हणून दाखवा." लहानपणी तिले किती बांधांवरून उठवलं होतं ते तिलेच माहीत. आम्ही हसलो. ती नाही हसली.

भिलाईत सुपेल्याच्या आमच्या घरी दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं तं संध्याकाळी त्यावर प्लांटाच्या लाल धुळीचा हात फिरलेला असे. माय शिव्या देत पुन्हा धुवे. तिले त्या वावराचा फार लळा. दर रविवारी बाबाच्या गाडीवर मागं बसून जाणार म्हणजे जाणार, ऊन असो का पाणी. मंग ती आजारी पडली, अन् उठणार नाही हे तिले आमच्याआधी समजलं.

आमच्या घरी राख नदीत सोडत नाहीत. शिवनाथ तिथून काही लांब नाही, पण आमच्या आज्यापासूनची रीत अशी, की राख मातीत घालायची अन् त्यावर एक झाड लावायचं. बाबा म्हणे, नागपूरहून बोधिवृक्षाचं रोप आणतो. माय खाटेवरून म्हणे, "पिंपळ नोको लावू बापा. पिंपळाले लोक धागे बांधतात, दिवे लावतात, फेरे मारतात. म्या साऱ्या जिंदगीभर जे सोडलं ते माह्या डोक्यावर कावून करता? आंबा लावा. पोरं तरी खातीन." असं बोलली अन् पाणी मागितलं.

तं आंबा लावला. एका नातेवाइकानं म्हटलं, बुडाशी ओटा बांधा, नाव टाका, फोटो लावा. बाबानं हात जोडले. ओटा बांधला का फूल येते, फुलामागून अगरबत्ती येते, अन् मंग तुमची माय माय राहत नाही, देवी होते. काही बांधलं नाही. एक साधा आंबा वावराच्या कोपऱ्यात. त्याच्या बाजूले बाबानं आपली जागा धरून ठेवली होती, दोघांच्या फांद्या भिडतीन पण एकमेकाले दाबणार नाहीत इतक्या अंतरावर. मायले त्यांनी तसं म्हटलं होतं, मी बाजूलेच येतो. तिथलं गवत ते दर वेळी स्वतः काढत. आपल्याच जागेची निंदणी करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला. मी ओरडे, "बाबा, कायचे अभद्र धंदे करून राहिले?" ते म्हणत, "घर साफ करून ठेवावं, पोरी."

आंबा चांगला फळाले आला, तेव्हा गॅसची लाइन आली. आधी मोजणारे आले. बाबाले इंजिनिअरिंगवाले लोक दिसले की भरून येते, प्लांटाचा माणूस ना! त्यांनी त्या पोरांना मायच्याच सावलीत बसवलं, घरून नेलेला चहा पाजला, फीत धरू लागले. मी म्हटलं, बाबा, हे कायले मोजून राहिले ते तरी विचारा. बाबा म्हणे, "गॅस आहे. देशाले लागते." देशाले लागते! साऱ्या जिंदगीभर ह्या एका वाक्यावर आमच्या घरानं धूळ खाल्ली, कधी तोंडातून ब्र काढला नाही. अन् देश म्हणजे कोण, तं ज्याच्या घरी गॅस जाणार तो. ज्याच्या वावरातून जाणार तो देशात बसत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

काही दिवसांनी चुन्याची रेघ पडली. ती गावाच्या त्या टोकाकडून सरळ आली, ठाकुर देवाच्या चबुतऱ्यापाशी वाकली, त्याले मान देऊन बाजूनं गेली, पुन्हा सरळ झाली अन् आमच्या आंब्याच्या बुडातून निघाली. ठाकुर देवाशी माझं भांडण नाही. गावाचा देव आहे, गाव मानते, लाइन वाकली ते बरंच झालं. पण वाकता येत होतं ना? लोखंडाची लाइन, ती वाकत नाही असं ते आमाले सांगून राहिले होते. दगडासाठी वाकली.

म्हणून आम्ही बैठकीत गेलो. पाण्याचा गिलास आला तो तिथंच. मी बसल्यावर साहेबानं बाबाले विचारलं, "दादाजी, वहाँ कोई धार्मिक स्थल है क्या? हो तो बताइए, हम देख लेंगे." मी बाबाकडे पाहिलं. एक शब्द होता. एक 'हाव' म्हटलं असतं तं काम होतं. बाबा उठून उभे राहिले, सदऱ्याची गुंडी लावली अन् अशा ताठ आवाजात बोलले की जसं काही भाषण आहे, "नहीं साहब. हम लोग ये सब नहीं मानते."

"समाधि है? कब्र?"

"नहीं. पेड़ है. मेरी घरवाली है."

साहेबाले काही समजलं नाही. तो बाजूच्या माणसाले म्हणे, "पेड़ है, लिख लो," अन् यादीतल्या पुढच्या शेताकडे वळला. मले वाटलं टेबल उलटं करावं. साहेबाचं की बाबाचं डोकं फोडावं तेही समजेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा आमचा बाप. गाडीवर घरी येताना ते मागं बसून म्हणे, "झाडाचे वेगळे पैसे देऊन राहिले म्हणते." मी गाडी इतकी जोरात पळवली की त्यांनी माझा खांदा धरला.

आमचं वावर अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसणारी गावातली एक बाई होती, तिले मी काकी म्हणते. मायची मैत्रीण. एक छत्तीसगढ़ी बोले, दुसरी नागपुरी, अन् दोघी दुपारभर एकमेकींना सारं सांगत. ती काकी मले म्हणे, "नोनी, सेंदुर पोत दे. नरियर चढ़ा दे. लाइन अपने-आप घुंच जाही." पोरी, सेंदूर फास, नारळ ठेव, लाइन आपोआप सरकन. तिनं ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यात पाणी होतं. तिच्यासाठी तो सोपा उपाय होता, अन् खरं सांगू का, मलेही तो सोपाच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपेल्याच्या बाजारात जाऊन मी सेंदूर घेतला, तेल घेतलं, नारळ घेतला, लाल कपडा घेतला. दुकानदार आमच्या गल्लीतला, तो पाहतच राहिला. आमच्या घरात ती पुडी कधी आलीच नव्हती. वावरात जाऊन मी सेंदूर तेलात कालवला अन् मायच्या अंगावर फासला. हाव, फासला. आजही फाशीन. जो साहेब माणूस ओळखत नाही, दगड ओळखतो, त्याले दगडच दाखवा लागते. कपडा बांधला, नारळ ठेवला. काकीनं लांबून हात जोडले.

बाबाले कसं समजलं माहीत नाही, दुकानदारच बोलला असन. ते बसनं आले अन् फाट्यावरून पायी आले. मी वाट पाहून राहिली की आता ओरडतीन. ओरडले नाहीत. त्यांनी आधी कपडा सोडला, नीट घडी केली अन् माझ्या हातात दिला. मंग बाटलीतलं पाणी ओतून दुपट्ट्यानं खोड पुसाले लागले. तेलातला सेंदूर पाण्यानं कायचा निघते! तो अजूनच पसरला. ते नखानं खरडाले लागले. मी किंचाळली, "तुमच्या बाण्यापायी मायले पुन्हा मारून राहिले तुम्ही!"

"झाड वाचन, पोरी," बाबा म्हणे, खरडता खरडता. "पण मंग ती नाही राहत इथी. तिनं सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी त्याच खाटेपाशी पाण्याचा गिलास घेऊन उभी होती. ह्या माणसाचा मले इतका राग आला अन् त्या रागाले जायला जागाच नव्हती, कारण ते खरं बोलून राहिले होते. बऱ्याच वेळानं मी ओढणीचं टोक घेतलं अन् दुसऱ्या बाजूनं घासाले लागली. सालीच्या भेगांतला सेंदूर काही निघाला नाही. नखातलाही निघाला नाही. माझ्या ऑफिसातल्या बायका म्हणे, मेंदी काढली का ग?

आंबा पाडला तेव्हा त्यावर कैऱ्या होत्या. मजुरांनी मिठासोबत खाल्ल्या. चला, मायच्या मनासारखं तेवढं तरी झालं. मंग पोकलेन मशीन आली अन् तिनं ती जागा खोदली, मायची अन् बाजूची, बाबानं साफ ठेवलेली. मातीचा ढीग लागला, लाइन खाली गेली अन् माती पुन्हा लोटली. माझी माय कोणत्या ढिगात होती, कुठून कुठं गेली, विचारू कोणाले? वर एक खांब लावला, त्यावर लिहिलं की इथं खोदणं मना आहे. खोदून झाल्यावर लिहिलं.

लाकडं गाव घेऊन गेलं. नेणारच. गावात चुली आहेत, सिलिंडर महाग आहे, अन् खालून जी लाइन जाते तिच्यातून त्या गावाले एक फुंकरही मिळत नाही. काकीच्या चुलीत मायचा आंबा जळला. ती रडत रडत सांगे, "तोर दाई के लकड़ी मा भात रांधेंव." तुझ्या मायच्या लाकडावर भात रांधला. मी तिले जवळ घेतलं. तिच्यावर कायचा राग करू मी?

आता ह्या वर्षी तोच गॅस सुपेल्यात आमच्या गल्लीत आला. फिटर आला, भिंतीले भोक पाडलं, पिवळा पाइप बसवला, शेगडी पेटवून दाखवली अन् म्हणे, "अब सिलिंडर का झंझट खतम, दीदी." बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून पाहून राहिले होते. आता त्यांना फार चालवत नाही. निळी आच पाहून म्हणे, "साफ जळते." कोक ओव्हनचा माणूस, आच पाहिल्याशिवाय राहवते का! माझा पारा चढला. फिटर गेल्याबरोबर मी भांडं आपटलं. म्हटलं, तुम्हाले साफ दिसते? हे कुठून आलं ते माहीत आहे ना? कोणाच्या अंगावरून आलं?

"माहीत आहे."

"मंग?"

बाबा खुर्चीतून आचेकडे वाकले. मंग अगदी साध्या आवाजात, जसं काही बाजारातून काय आणायचं ते विचारावं, तसं विचारलं, "मले कुठी लावशीन?"

मी गॅस बंद केला. म्हटलं, आपण दुसरीकडे जागा पाहू, कुम्हारीकडे पाहू, विहारात विचारू, आंबा काय कुठंही लागते. मी बोलतच सुटली. त्यांनी मान हलवली.

"तथी तुही माय कुठी आहे? ती त्याच पट्ट्यात आहे, कुठी का असंना." मंग म्हणे, "झाड नोको. झाडाले ते नाही म्हणतात. पण वर काही पेरा असं म्हणे ना तो साहेब?"

"हाव, म्हणे."

"मंग मले पेरजो."