बाबांची मोटरसायकल ट्रॉलीत ताठ उभी राहून अकोल्याला आली!

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

वलगावला फुलशेती करणाऱ्या माझ्या बाबांचे गुडघे गेले, म्हणून त्यांनी आपली जुनी मोटरसायकल मला दिली. सकाळी ड्रायव्हर दिनूभाऊंनी ती जीपमागच्या ट्रॉलीत साइड स्टँडवर उभी केली आणि एकच दोर बांधला. "ताई, काही होत नाही!"

गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर मोटरसायकल कलंडली. मी मागून धावत जाऊन हँडल धरलं, म्हणून टाकी वाचली. दारातून बघणाऱ्या बाबांनी तोंडच फिरवलं.

मग मीच ट्रॉलीत चढले. स्टँड वर केला, पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवलं. दिनूभाऊंनी हँडल दाबून धरलं आणि मी जीपमधले सामान बांधायचे पट्टे दोन्ही बाजूंनी ताणले. मागेही दोन.

"एवढं काहून आवळून राहिल्या ताई?"

"बाबाची गाडी हाय म्हणून!"

मूर्तिजापूरला थांबून पट्टे पुन्हा तपासले. अकोल्यात माझ्या घरी उतरवली तेव्हा गाडीवर एक ओरखडा नव्हता! लगेच बाबांना फोन लावला.

"पडली नाही नं?"

"नाही बाबा, ताठ उभी आली."

ते म्हणाले, "चालू कर. मले आवाज आयकू दे."

दुसऱ्या किकला सुरू झाली, आणि तिकडून बाबांचं हसू ऐकू आलं.