डब्यातला वाघ

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीतली असेल. वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला होती आणि सुट्टीसाठी वैशाखऱ्याला घरी निघाली होती. मांडीवरच्या डब्यातून तिने हाताने रंगवलेले पत्ते काढले. मी टक लावून बघतोय म्हटल्यावर तीच बोलली.

"जादूगार-राक्षसांच्या पत्त्यांचा खेळ असतो ना, तो आमी मैत्रिणी खेळतो. त्यात सगळे परदेशी ड्रॅगन. म्हणून जोडीला मी आपल्या रानातला नवा संच बनवलाय."

घुबड होतं, घोरपड होती, धुक्यातून चालणारी एक बाई होती. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात त्याची ताकद लिहिलेली. सगळ्यांत देखणा होता वाघ. नेमका तोच तिने फाडायला घेतला.

"अगं, काय करतेस!" मी ओरडलोच.

"रंगवायला आठ दिवस लागले याला. पण हा जिच्या हातात येतो तीच जिंकते. मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला?"

"मग त्याची ताकद कमी कर की."

"कमी ताकदीचा वाघ मला नाय जमायचा, काका."

तिने वाघाकडे एकदा नीट पाहिलं आणि पत्ता मधोमध फाडला. मग कोरा पत्ता घेऊन ती गाडीच्या हिसक्यांतच खेकड्याच्या नांग्या काढू लागली.

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. पोरांची कितीतरी चित्रं बाद केली. स्वतःचं एकही फाडलं नाही.