योरुबा हिशेबाने धाकटी

आम्ही दोघी जुळ्या. मी दहा मिनिटं आधी जन्मले आणि तेवढ्या भांडवलावर थोरली ठरले. "थोरली ना तू? दे तिला!" हे ऐकतच मी नाशिक रोडला वाढले. अस्सा राग यायचा!

मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना बहिणीला ओझरचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला. पण बाबा अडून बसले. "थोरली घरात असताना धाकटी बोहल्यावर? लोक काय म्हणतील!" म्हणजे आधी मला उजवायचं, कॉलेज गेलं खड्ड्यात! बहीण रडायची, मी भांडी आपटायचे.

त्याच उन्हाळ्यात काका सुट्टीवर आले. ते नायजेरियात, योरुबा लोकांच्या इबादान शहरात भूगोल शिकवत. टेकड्यांवर पसरलेली गंजक्या पत्र्यांची घरं, तांबडी माती, बाजारात निळीच्या कापडांचे ढीग मांडून बसलेल्या खमक्या बाया, असं सगळं रंगवून सांगता सांगता म्हणाले, "आणि जुळी तर घरोघरी! जुळी झाली की चवळी शिजवून गल्लीभर वाटतात."

"इथे सासूबाईंनी साधा पेढा वाटला नाही," आई फणकारली.

"ऐका तर वहिनी! त्यांच्यात नंतर जन्मतं ते थोरलं. पोटातूनच धाकट्याला हुकूम सोडतं, जा, जग कसं आहे बघून ये. ते बाहेर येऊन रडलं की मग थोरलं ऐटीत येतं."

मी टुणकन उठले. "बाबा, म्हणजे थोरली ही! हिचंच करा आधी!"

"चावटपणा पुरे. आपण काय योरुबा आहोत?"

"दादा, आपल्या खापरपणजोबांच्या आधीपासून राज्यं चालवलेली माणसं ती," काका म्हणाले. "उगाच म्हणतील?"

बाबा उठून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

पण दिवाळीनंतर मांडव पडला तो एकट्या बहिणीचा. बाबांचं मन कशाने वळलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पंगतीत त्यांच्या आत्याने मात्र खडा टाकलाच, "थोरलीला ठेवून धाकटीचं उरकलंस का रे?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पानात डोकं घातलं.

बाबा वाढता वाढता थांबले. खणखणीत आवाजात म्हणाले, "थोरलीचंच केलं, आत्या. ही माझी धाकटी. तिला अजून शिकायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी धाकटी होते. भर पंगतीत मला ढसाढसा रडू आलं.