पेटीच्या तळाचं भोक

लढाईच्या दिवसांत सक्करदऱ्यातल्या आमच्या ओळीत रेडिओ फक्त माझ्याकडे होता, आणि त्याचा मला नको तितका माज होता. शाळेत मास्तर होतो. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय घरीही सुटत नसे.

एरियल बसवायला हुडकेश्वरहून एक मिस्त्री सायकलवर आला. छपरावरची तार घरात येणाऱ्या तारेला जिथे जोडायची, तिथे बाहेरच्या भिंतीवर त्याने लाकडी पेटी ठोकली. फटी मेणाने भरल्या. पावसाचं पाणी बाहेरच टपकावं म्हणून तार आत घेण्याआधी तिला खाली झोल दिला. तळाला मात्र एक भोक पाडून त्यावर पितळी जाळी लावली. शेजारच्या दोघांना काम आवडलं. एकाने तर तिथल्या तिथे सांगून टाकलं, "दिवाळीले आम्ही दोघंही रेडिओ घेऊन राहिलो. तूच बसवून दे गा."

मला ते भोक खुपत होतं. पाणी येऊ नये म्हणून पेटी, आणि तिलाच भोक! अर्धवट काम, दुसरं काय? गच्ची गळू लागली की वडील चुन्यात गूळ कालवून लावायचे. मीही तेच कालवलं, जाळीसकट भोक लिंपून टाकलं आणि स्वतःवरच खूश झालो.

श्रावणात रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. मिस्त्रीला निरोप धाडला. तो आला तेव्हा बातम्यांच्या आशेने जमलेले शेजारी अंगणातच होते. पेटी उघडली तर आत पाणी साचलेलं, जोडाला हिरवा गंज, आणि सगळीकडे लाल मुंग्या.

"मास्तर, हे भोक कोनं बुजवलं? आतला ओलावा याच्यातूनच तं निथरते."

"मला काय विचारतोस? काम तुझं," मी म्हणालो, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याने नखाने चुना खरवडला, कणभर जिभेवर ठेवला. गोडी कळलीच असणार. माझ्याकडे एकदा पाहिलं, "ठीक हाय" म्हणाला आणि भोक मोकळं करून जोड घासायला बसला. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी बोललो नाही.

तो निघाला तेव्हा शेजाऱ्याने फाटकातच सांगितलं, "आमच्याकडे नोको येऊ गा दिवाळीले."

दिवाळीत रेडिओ घेतल्यावर त्या दोघांनी दुसरा मिस्त्री आणला. पुढच्या पावसाळ्यात दोघांचेही रेडिओ बंद पडले. माझा चालू होता, कारण आता ती जाळी मी दर पंधरवड्याला काडीने साफ करत होतो. शेजारी येऊन पेटी निरखत म्हणाला, "तुम्ही सुधरवली म्हनून टिकली, मास्तर. तुमच्या हाताले गुण हाय. आमचीही करून द्या."

तेव्हा तरी सांगायचं. मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या पेट्यांना तळाला भोकं पाडून दिली.