मोत्यांच्या बकलांचा जोड

जिनेवाल्या मावशींचा एक नियम होता आणि तो मोडायची इमारतीत कुणाची टाप नव्हती. संध्याकाळी दाराबाहेर जे ठेवाल, तो कचरा. फुटकी बादली, चेपलेली उशी, दांडा तुटलेली छत्री, काहीही असो, मावशी वरच्या मजल्यापासून पोतं ओढत खाली यायच्या आणि सगळं कचरागाडीच्या हवाली करायच्या. विचारणं नाही, पुसणं नाही. जिने झाडायचं काम त्यांना आईकडून मिळालं होतं आणि नियमही.

इमारतीतली माणसं मात्र बदलत चालली होती. इथली पोरं परदेशी उडाली, मावशींची लेकसुद्धा, आणि रिकाम्या झालेल्या घरांत परदेशातली माणसं येऊन उतरली. मावशींना त्याचं सोयर ना सुतक. ‘‘पाय सगळ्यांचे सारखेच मळतात,’’ म्हणायच्या.

तिसऱ्या मजल्यावर नवं कुटुंब आलं त्याला जेमतेम आठवडा झाला होता. आई, बाप आणि लग्नाची मुलगी. इथली भाषा त्यातल्या त्यात मुलीला यायची. एका संध्याकाळी मावशी वर गेल्या, तर दाराबाहेर बुटांची ही लांब रांग. चांगले पॉलिश केलेले, त्यात एक तर मोत्यांच्या बकलांचा जोड.

‘‘श्रीमंती उतू चाललीय मेल्यांची!’’ मावशी पुटपुटल्या आणि सगळे जोड पोत्यात कोंबले.

गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच वर गलका झाला. मुलगी धडधडत खाली आली. अंगावर रेशमी झगा, पाय अनवाणी.

‘‘मावशी, बूट कुठे? पाहुण्यांचे बूट!’’

‘‘कसले पाहुणे?’’

‘‘मला बघायला आलेत! मुलगा, त्याची आई, काका...’’

‘‘अगं, मग बाहेर कशाला ठेवले? इथे सगळे दाराच्या आत काढतात!’’

‘‘आमच्याकडे पाहुण्यांनी बूट उंबऱ्याच्या आत आणणं म्हणजे घराचा अपमान.’’ मुलीचे डोळे भरून आले. ‘‘एक स्थळ आधीच मोडलंय, मावशी. हेही गेलं.’’

आपली लेकही तिकडे कुणाच्या तरी दारात अशीच काहीतरी चुकत असेल, असं मावशींच्या मनात आलं. पण विचार करत बसायला वेळ कुणाला होता? त्यांनी पदर खोचला आणि पळत सुटल्या. मागे मुलगी, आणि तिच्या मागे नुसत्या मोज्यांवर तो बघायला आलेला मुलगा.

पुढच्या चौकात गाडी सापडली. तिचा ड्रायव्हर आणखी तिसऱ्याच देशातला, एकेकाळी याच इमारतीत राहिलेला. हकीकत ऐकून तो खो खो हसला.

‘‘हसतोस काय, मेल्या?’’

‘‘माझ्या आईची घोंगडी अशीच गेली होती, मावशी. उन्हं उतरल्यावर जरा बाहेर हवेला टाकली होती. तेव्हा तुमची भाषा येत नव्हती, म्हणून भांडलो नाही.’’

मावशी गाडीची मागची फळी पाडायला वळल्या.

तोवर मुलगी गाडीवर चढली होती. मुलगाही चढला. केळ्याच्या साली, चहाचा चोथा, सगळं उपसून झालं. एक बूट त्याने नाकापाशी नेला आणि तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलला. मुलगी हसत सुटली.

‘‘काय म्हणाला गं?’’

‘‘म्हणतो, हा काकांचाच!’’

सगळे जोड मिळाले. फक्त मोत्यांच्या बकलांचा डावा बूट काही सापडला नाही, आणि तो नेमका मुलाच्या आईचा. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मावशींनी आपल्या चपला काढल्या आणि त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

‘‘सांग त्यांना, पोरीचा काही दोष नाही. चूक माझी.’’

मुलीने सांगितलं. बाईंनी चपलांकडे पाहिलं, रेशमावर चिकटलेल्या सालीकडे पाहिलं, मग कोपरापर्यंत चोथ्याने माखलेल्या मुलाकडे. आणि बराच वेळ बोलल्या. मुलगी लाजून लाल.

‘‘अगं, बोल की! मोडलं का जमलं?’’

‘‘त्या म्हणाल्या, हा घरातली कचऱ्याची पिशवीसुद्धा कधी उचलत नाही. हिच्यामागे आज गाडीत चढला. लग्नाला उशीर करू नका.’’

बाई मावशींच्या चपला घालून घरी गेल्या. चार दिवसांनी चपला आल्या, तुटका पट्टा शिवून.

आता मावशी तिसऱ्या मजल्यावरचे जोड उचलून खालची फरशी पुसतात आणि टोकं भिंतीकडे करून पुन्हा रांगेत लावतात. विचारल्याशिवाय कशालाही हात लावत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी मोडकी खुर्ची टाकायला म्हणून बाहेर ठेवली आणि गावाला गेले. आले तेव्हा ती जिथल्या तिथे, लख्ख पुसलेली.

‘‘अहो, ही टाकायची होती!’’ मास्तर ओरडले.

‘‘मग तसं सांगून जायचं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मला काय माहीत, तुमच्यात काय पद्धत आहे ते!’’