पुराच्या रेघेवर पुट्टी चालणार नाही!

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलंय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज सकाळी तिथे गेले, तर पुढच्या खोलीची भिंत पांढरीशुभ्र. पुट्टी मारून मोकळे!

त्याच भिंतीवर पुराची रेघ होती. गोदावरी घरात शिरली तेव्हा पाणी जिथवर चढलं, तिथे सासऱ्यांनी छिन्नीने मारलेली खाच. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.

मी पेंटरच्या हातातला पत्रा घेतला आणि ओली पुट्टी खरवडायला लागले. आमचे कॉन्ट्रॅक्टर दिलीपभाऊ धावत आले.

"अहो ताई, सगळं फिनिशिंग गेलं! आता कुठे येतंय एवढं पाणी?"

"नाही आलं तर आनंदच आहे. पण रेघ राहणार. आणि सगळे स्विचबोर्ड रेघेच्या वर घ्या. फ्रिजचासुद्धा."

"विचित्र दिसेल. लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही याच गल्लीतले ना? तुमच्या घरात नव्हती रेघ?"

भाऊ म्हणाले, "होती. टाइल्स बसवताना मीच झाकली."

आणि पत्रा घेऊन उरलेली पुट्टी त्यांनी स्वतः खरवडली.

संध्याकाळी वायरमनने बोर्डांच्या नव्या खुणा केल्या. विचित्रच दिसतायत. दिसू देत! येणाऱ्या प्रत्येकाला आधी रेघ दाखवणार, मग सोफा.

नदीकाठच्या मंडळींनो, तुमच्या घरातली रेघ अजून दिसते का? झाकली असेल, तर आता इथे टाइल्स बसवल्यात हे गोदावरीला कोण सांगणार?