पाकिटातला फोटो

माझी थोरली बहीण चंद्राक्का. तिच्यामुळे मी शिकलो, हे मी ज्याला त्याला सांगतो. पण पुढचं — ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आई-वडील लवकर गेले. नवऱ्यानं टाकलेली अक्का मांडवगणात लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि त्याआधी माझा डबा शिरूरच्या एसटीत ठेवायची. मी तिथं हायस्कूलला. स्टँडवर कंडक्टर ओरडायचा, "ये चंद्राक्काच्या भावा, गरम हाय तवर खा! न्हाईतर मीच खातो." सहा वर्षांत एक खाडा नाही. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला सरकारनं मला गव्हाच्या प्रशिक्षणासाठी मेक्सिकोला पाठवलं. एका रविवारी आम्हा सगळ्यांना खेडं दाखवायला नेलं. बांधांना घायपात, उन्हात वाळत घातलेली कणसं — आपलाच मुलूख वाटावा. जेवण एका म्हातारीच्या घरी होतं. ती मक्याची भाकरी हातावर थापून मातीच्या तव्यावर टाकत होती. सोबत पाट्यावर वाटलेली मिरची. पहिल्या घासालाच अक्काचा डबा आठवला.

म्हणून मी फोटो बाहेर काढला का? असेल. पाकिटातला अक्काचा फोटो — अनवाणी, डोक्यावरून पदर — मी म्हातारीपुढे धरला. म्हातारीनं काही विचारलं. दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, "ही कोण, म्हणते." तेवढ्यात दिल्लीचे, मुंबईचे सोबती मागून डोकावले. चांगल्या घरचे, बुटांना रोज पॉलिश करणारे.

मी म्हणालो — आमच्याकडे भाकरी करणारी बाई.

कुणी हसलं नाही. हसले असते, तर त्यांच्याकडे तरी बोट दाखवता आलं असतं. म्हातारीनं मात्र ओला हात लुगड्यासारख्या त्या वस्त्राला पुसला, फोटोवरून हळूच फिरवला आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली. दुभाष्याला हाक मारून एवढं म्हणायचं होतं — नाही, बहीण आहे. बस सुटेपर्यंत दोन तास होते की! म्हणालो नाही.

त्याच आठवड्यात अक्काला पत्र टाकलं. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं वाचून दाखवलं. मी परत आलो तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, "माझा फोटू पार तिकडं दावला म्हनं यानं. आन् मी निस्ती अनवाणी गं त्यात!"

पत्र असं होतं —

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.
मी खुशाल आहे. रविवारी इथलं एक खेडं पाहिलं. इथंही भाकरी करतात, पण तुझ्या हातची चव नाही. जेवताना तुझा फोटो सगळ्यांना दाखवला. ही माझी अक्का, हिनंच मला शिकवलं, असं सांगितलं. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. तब्येतीस जप.
तुझा भाऊ,
नामदेव